विलीज पिकअपचा मुका हॉर्न: कोलशेतची एक केस

गाडी १९५१ ची विलीज पिकअप. चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, सहा व्होल्टची बॅटरी. तक्रार एका ओळीची: स्टिअरिंगवरचं बटण दाबलं तर हॉर्न वाजत नाही. तक्रारीचं वय चौदा महिने. तेवढ्या काळात गाडीने तीन वायरमन पाहिले, दोन नवे हॉर्न पाहिले आणि डॅशबोर्डला एक भोक पाडून घेतलं. मी चौथा.

मी मुळात वायरमन नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलं, आता रविवारी जुन्या गाड्यांची वायरिंग बघतो. ही केस सविस्तर लिहायचं कारण म्हणजे यात माझी एक ढळढळीत चूक आहे, आणि ती मीटर वाचण्यातली नाही, मराठी ऐकण्यातली आहे.

गाडी ठाण्यातल्या कोलशेतच्या एका घरातली. खाडीकाठी रेतीचा आणि विटांचा धंदा जोरात होता तेव्हा त्या घरच्या आजोबांनी, आबांनी, ती स्वतः चालवलेली. पुढे धंदा बसला, गाडीही पडवीत बसली, आणि समोर बघता बघता तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. आबांच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी ती उघडली. इंजिन बांधून घेतलं, पत्रा केला, चासी सुटी करून प्रायमर आणि दोन हात रंग मारला. काम खरोखर देखणं झालंय. पण त्याचा एकच हट्ट: जे मुळात होतं तेच पाहिजे. म्हणून बॅटरीही सहा व्होल्टचीच, गोल्फ कार्टला लागते तसली. बारा व्होल्ट करून टाक, सगळे प्रश्न सुटतील, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्याने ऐकलं नाही, आणि मला ते आवडलं.

ही पिकअप विलीज-ओव्हरलँडने अमेरिकेत टोलेडोला १९४७ पासून बनवली. आपल्याकडे विलीज म्हटलं की जीप आठवते, कारण महिंद्राने त्याच सुमारास मुंबईत जीप जुळवायला घेतली. पिकअप फार थोड्यांनी पाहिलीय. पण हॉर्नच्या वायरिंगची चाल जीपसारखीच, आणि ती एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं.

आताच्या गाडीत हॉर्नला रिले असतो, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि हॉर्नचा मोठा करंट जोडणारा स्विच. या गाडीत नाही. बॅटरीचा लाइव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, सरळ हॉर्नच्या एका टर्मिनलवर येतो आणि कायम तिथेच असतो. दुसऱ्या टर्मिनलवरून निघालेली वायर स्टिअरिंग कॉलमला जाते. तिथे एक छोटा ब्रश, म्हणजे करंट नेणारा घासता तुकडा, असतो; तो आतल्या शाफ्टवर बसवलेल्या पितळी कड्यावर घासत राहतो. कडं शाफ्टपासून इन्सुलेट केलेलं. कड्यावरून एक वायर शाफ्टच्या भोकातून आत शिरते आणि पोकळ शाफ्टमधून वर बटणाखालच्या वाटीपर्यंत जाते. बटण दाबलं की वाटी स्टिअरिंगच्या लोखंडाला टेकते. झालं, सर्किट पुरं. म्हणजे बटण हॉर्नला करंट देत नाही, हॉर्नमधून आलेल्या करंटला परतीची वाट देतं. ती वाट स्टिअरिंगच्या शाफ्टमधून, खालच्या स्टिअरिंग बॉक्समधून, चासीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाते. या वाटेत एक इंचही वायर नाही, सगळं लोखंड.

आधीच्या तिघांनी काय केलं ते नातवाने सांगितलं तसं लिहितो. पहिल्याने जुना हॉर्न जाम आहे म्हणून काढून ठेवला आणि बाजारातला नवा लावला. तो बारा व्होल्टचा. सहावर तो बकरीसारखा ओरडतो. दुसऱ्याने डॅशबोर्डला भोक पाडून तिथे पुशबटण बसवलं, त्याची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. या बटणावर बकरी नियमित ओरडू लागली, स्टिअरिंगचं बटण मात्र गप्पच. तिसऱ्याने कॉलम उघडून ब्रश बदलला, वाजला नाही, महिन्याने परत उघडून आणखी एक ब्रश घातला, सोबत दुसरा हॉर्न. शिवाय जाताना 'प्रेशर हॉर्न लावून टाक' हा सल्ला. मोटार वाहन नियमातल्या ११९ क्रमांकाच्या नियमानुसार कर्कश किंवा बहुसुरी हॉर्न चालत नाही, पण ते जाऊ दे. सत्तर वर्षांच्या गाडीतून व्होल्वोचा भोंगा निघाला तर लोक रस्ता देण्याऐवजी फोटो काढतील.

खरं तर दुसऱ्या वायरमनच्या त्या भोकातच निम्मं उत्तर होतं. डॅशच्या बटणाने हॉर्न कसा का होईना वाजतो, म्हणजे लाइव्ह बाजू ठीक. दोष हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलपासून पुढे. पण त्या भोकाचा नातवाला इतका राग होता की ते सांगतानाही तो फक्त रंग किती गेला तेवढंच सांगत होता.

मी त्याला विचारलं, "कधीच वाजत नाही का?"

"नाही काका, वळताना वाजतो कधी कधी. डावीकडे पूर्ण काटला की पीं करतो."

मी डायरीत लिहिलं: वळताना वाजतो. इथेच चूक झाली, ती कशी ते पुढे येईलच.

जुना हॉर्न

तो माळ्यावर एका बिस्किटाच्या डब्यात होता. काळा, जड, मागे पत्र्याची टोपी. टोपी काढण्याआधी तोंडात टॉर्च मारला तर आत कुंभारमाशीने मातीची तीन घरं बांधलेली. आधी ती ओल्या फडक्याने आणि तारेने काढली.

अशा हॉर्नचं आतलं काम गमतीचं आहे. कॉइलमधून करंट गेला की ती लोखंडी ठोकळा ओढते. ठोकळा पातळ पोलादी पडद्याला जोडलेला, त्यामुळे पडदाही आत ओढला जातो. ओढला जाता जाता तो स्वतःच दोन पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारे तुकडे, उघडतो; करंट तुटतो, पडदा उसळून परत येतो, पॉइंट जुळतात, परत ओढ. सेकंदाला काहीशे वेळा हे चालतं, आपल्याला तो एक सलग आवाज वाटतो. यात दोन प्रकारे घोळ होतो. पॉइंटवर गंज चढला तर करंट जातच नाही, हॉर्न मढ्यासारखा गप्प. पॉइंट चिकटून बसले किंवा अ‍ॅडजस्टमेंट सुटली तर पडदा ओढला जातो पण पॉइंट उघडत नाहीत. मग एकदा 'टक' होतं आणि कॉइल नुसती तापत राहते.

हॉर्न व्हाइसमध्ये हलका धरला, जाड वायरींनी थेट बॅटरीला लावला. टक. क्लॅम्प मीटरवर १८ अँपिअर, स्थिर. ताबडतोब काढला. टोपी उघडून पॉइंट अलगद सोडवले, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची चिमूटभर पट्टी मधून दोनदा ओढली, मग कोरा कागद ओढून भुकटी काढली. मागचा अ‍ॅडजस्टिंग नट पावपाव फेरा फिरवत गेलो. तिसऱ्या पावाला घरघर, चौथ्याला असा दणका बसला की समोरच्या सोसायटीच्या वॉचमनने गेट उघडलं. मीटरवर साडेदहा अँपिअर. तिथेच नट कसला.

एवढं झाल्यावर नातवाला वाटलं काम झालं. हॉर्न गाडीवर चढवला, स्टिअरिंगचं बटण दाबलं.

टक.

सव्वासहा व्होल्टचा हिशेब

या जागी बहुतेक माणसं मीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायला, टाकून कुठे 'तुटलंय' ते शोधतात. ते इथे चालत नाही. साध्या मीटरच्या पिनाच पाव ओहम खातात, आणि आपण शोधतोय तो दोष अर्ध्या ओहमचा. शिवाय मीटर ओहमला नखाएवढा करंट सोडतो. गंजलेला जोड तेवढा करंट निमूट जाऊ देतो, खरे दहा अँपिअर मागितले की हात वर करतो. म्हणून बटण दाबून, करंट चालू ठेवून, प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना व्होल्ट मोजायचे. जिथे व्होल्ट सांडतात तिथे दोष. बटण एका वेळी दोन-तीन सेकंदच दाबायचं, नाहीतर कॉइल जाते.

नातू बटणावर, मी पुठ्ठा टाकून गाडीखाली. बॅटरी मोकळी असताना ६.३, बटण दाबल्यावर ६.१. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हॉर्नपर्यंत ०.२ गेले, चांगलं. हॉर्नच्या दोन टर्मिनलांमध्ये फक्त २.१. ज्याला साडेपाच तरी हवेत त्याला दोन मिळतायत, तो टक करण्यापलीकडे काय करणार! हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलपासून ब्रश, कडं, बटण धरून स्टिअरिंगच्या वरच्या नटापर्यंत ०.१. म्हणजे ज्या ब्रशसाठी कॉलम दोनदा उघडला तो निर्दोष. वरच्या नटापासून खालच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत ०.१. स्टिअरिंग बॉक्सपासून चासीपर्यंत ३.४.

मी परत मोजलं. ३.४. चासीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२. सगळे मिळून ६.१, हिशेब चोख.

स्टिअरिंग बॉक्स चासीला बोल्टने आवळलेला आहे, लोखंडाला लोखंड. त्यांच्यात साडेतीन व्होल्ट हरवतात कसे? नातवाने टॉर्च धरला तेव्हा कळलं. चासीला प्रायमर आणि दोन हात रंग, बॉक्सला वेगळा रंग, बोल्टही रंगवलेले, वॉशरही. सत्तर वर्षं गंजकं का होईना लोखंड लोखंडाला चावून बसलं होतं. आता मधे रंगाची मच्छरदाणी. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांवर कुठे कुठे रंग खरवडला गेला होता तेवढ्यातून, आणि स्टिअरिंगचे रॉड, बॉल जॉइंट, एक्सल, पाटे अशा ग्रीस भरलेल्या लांबच्या फेऱ्याने. स्टिअरिंग फिरवलं की बॉल जॉइंट हलतात, ही लांबची वाट घटकाभर सुधारते. वळताना वाजतो, याचं उत्तरही मिळालं असं मी मनाशी धरलं.

बारा व्होल्टच्या गाडीत हाच दोष कदाचित वर्षानुवर्षं कळलाही नसता. तेवढ्याच ताकदीच्या हॉर्नला बारावर निम्मा करंट लागतो, मग त्याच जोडावर व्होल्टही निम्मेच सांडतात, आणि सांडायला मुळात असतात दुप्पट. सहा व्होल्टच्या गाडीत प्रत्येक जोड आपली खोड दाखवतो.

इथे एक सोपा रस्ता होता, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. रिले लावला असता तर हॉर्न त्याच मिनिटाला वाजला असता. रिलेच्या कॉइलला अँपिअरचा पाचवा हिस्साही पुरतो. त्या अर्ध्या ओहमवर तेव्हा दशांश व्होल्ट गेला असता, कुणाला पत्ताही लागला नसता. हॉर्नचं बटण जळत असेल तिथे मी स्वतः रिले लावतो. पण इथे रिले म्हणजे दोषावर चादर. नातवाला तर रिलेचं नावच नको होतं, कारण तो मुळात नव्हता.

मग उरलं रंग खरवडणं, आणि त्यावर आमचं वाजलं.

"काका, रंगाला हात नाही लावायचा. दोन महिने गेलेत चासीला."

"अरे, सगळी नाही खरवडत."

"दुसरीकडून वायर टाका ना. शाफ्टला क्लिप मारू."

फिरत्या शाफ्टला क्लिप मारली तर ती पहिल्याच वळणाला गुंडाळून तुटेल, हे समजावण्यात चहा संपला. शेवटी तह ठरला तो असा: स्टिअरिंग बॉक्सच्या एकाच बोल्टखाली रुपयाच्या नाण्याएवढा गोल, आणि चासीवर आतल्या अंगाला, जिथे बघायला गाडीखाली झोपावं लागेल तिथे दुसरा तेवढाच गोल. मधे तांब्याची चपटी वेणीदार पट्टी, अर्थिंगला वापरतात ती, वीतभर लांब. दोन्ही टोकांना लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची कडी, दाबून बसवली आणि वर डाग दिला. खालचं लोखंड चकचकीत घासलं, दातेरी वॉशर घातला, आवळून वरून ग्रीसचा जाड थर दिला, कारण कोलशेतच्या खाडीची हवा उघड्या लोखंडाला पावसाळाभरही सोडत नाही. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. सामान दोनशे रुपयांच्या आतलं.

परत मोजलं. बॉक्स ते चासी ०.०५. बटण दाबलं आणि पहिल्यांदा गाडी बोलली. आबा ओटीवरून उठून आले.

वळताना वाजतो

नातू खुशीत गाडी गल्लीत काढायला बसला. इंजिन चालू, गिअर टाकला, फाटकातून बाहेर पडायला स्टिअरिंग डावीकडे पूर्ण काटलं, आणि हॉर्न सुरू झाला. बटणाला त्याचा हात नाही. सलग, पूर्ण ताकदीने. तो गोंधळून आणखी काटत गेला, हॉर्न काही थांबेना. वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. कुणी तरी 'अरे बंद करा ना ते' म्हणून ओरडलं. मी धावत जाऊन बोनेट उघडून बॅटरीचा क्लॅम्प उपटला.

मग त्याला विचारलं, "तू मला म्हणालास वळताना वाजतो. म्हणजे बटण दाबल्यावर वाजतो, की आपोआप?"

"आपोआप. तेच तर सांगितलं."

त्याने खरंच तेच सांगितलं होतं. 'वळताना वाजतो' याचे दोन अर्थ होतात. त्याच्या मनात एक होता, माझ्या कानाने दुसरा घेतला, आणि ३.४ व्होल्ट सापडल्यावर तर मला माझाच अर्थ पक्का वाटला. बटण न दाबता ब्रशपासून शाफ्टपर्यंत काही जोड होतोय का, ही एका मिनिटाची तपासणी मी केलीच नव्हती.

आता कारण स्पष्ट होतं. कड्यापासून बटणापर्यंत जाणारी वायर कुठे तरी शाफ्टला टेकत होती, आणि टेकणं म्हणजे बटण दाबणंच. आधी परतीची वाटच बंद, म्हणून फक्त 'पीं' निघायचं. मी वाट मोकळी केली तसा तोच दोष बोंबलत बाहेर आला.

स्टिअरिंग व्हील पुलरने काढलं. हे घाईत हातोडीने करायचं काम नाही, शाफ्टच्या आट्या गेल्या तर हॉर्न राहिला बाजूला. वायर हळूच ओढली. शाफ्टच्या ज्या भोकातून ती आत शिरते तिथे तिची साल सोलून तांबं उघडं पडलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. भोकाची कड पत्र्यासारखी धारदार. दोनदा कॉलम उघडताना वायर त्या कडेवर ओढली गेली असणार. निर्दोष ब्रश बदलण्याच्या नादात दुसरा दोष जन्माला घातला, असं हे प्रकरण. तिसऱ्या वायरमनला मी फार बोल लावत नाही. एक दोष अर्धवट ऐकून दुसरा मोकाट सोडायचं काम मीही त्याच दिवशी केलं होतं.

भोकाची कड बारीक गोल कानशीने मोडली, नवी वायर फायबर स्लीव्हमध्ये घालून ओवली. या वेळी बटण न दाबता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवून मीटर बघितला. काही नाही. बटण दाबून परत चार वेळा. ०.१, हलायला तयार नाही. अखेरचे आकडे: हॉर्नच्या टर्मिनलांवर ५.५ व्होल्ट, करंट दहा अँपिअरच्या आसपास. डॅशचं पुशबटण काढलं. भोकाचं काय करायचं ते नातवाचं तो बघेल.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दोनदा वाजवायला लावून म्हणाले, "वाजतो. पण ह्याचा आवाज असा नव्हता. जरा भरून यायचा. हा ताटलीवानी वाजतोय."

चाळीस वर्षांनी आवाज आठवतोय म्हणणाऱ्या माणसाला आपण हो म्हणतो आणि निघतो. मीही निघालोच होतो. पण व्हाइसमध्ये दणका बसला होता तो माझ्याही कानात होता, आणि गाडीवरचा खरोखर वेगळा होता. अ‍ॅडजस्टिंग नटाला हात लावायचं कारण नव्हतं, करंट बरोबर होता. राहिला ब्रॅकेट. हॉर्न ज्या पट्टीवर उभा असतो ती पट्टी पडद्याबरोबर थरथरते, तिची पकड बदलली की आवाजाचा पोत बदलतो. वाकून बघितलं तर दोन्ही बोल्टांखाली रबरी वॉशर.

"हे कशाला?"

नातू जरा थांबून म्हणाला, "रंग चिरू नये म्हणून."

वॉशर काढले, बोल्ट लोखंडावर आवळले. पाना फिरला तसा दोन्ही बोल्टांखालचा रंग टिचकीएवढा उडाला, तो आम्हा दोघांनाही ऐकू आला. आबांनी खिडकीतून हात घालून स्वतः बटण दाबलं, मान हलवली आणि आत जेवायला गेले.